विमानतळाजवळचे घर : उंची मजल्यांत नव्हे, समुद्रसपाटीपासून मोजा

वाचकाचे पत्र :

मी सोलापूरचा रहिवासी असून शिक्षक म्हणून निवृत्त झालो आहे. होटगी रस्त्याच्या बाजूला आमची वडिलोपार्जित शेतजमीन होती. त्यातील ११ गुंठे आम्ही २०११ मध्ये बिगरशेती करून घेतले. आता दोन्ही मुलांसाठी तेथे तळमजला अधिक दोन मजले असे घर बांधायचे आहे. धावपट्टीचे टोक आमच्या जागेपासून सरळ रेषेत सव्वा किलोमीटरच्या आसपास असावे. बांधकाम परवानगीसाठी कागदपत्रे दिली, तेव्हा विमानतळ प्राधिकरणाचा उंचीबाबतचा ना हरकत दाखला आणण्यास सांगण्यात आले. आमचे वास्तुविशारद म्हणतात की ४५ मीटरपर्यंत काहीच अडचण येत नाही आणि आपले घर त्याच्या चौथाईनेही नाही. शेजारी एक चार मजली इमारत उभी आहे आणि तिच्या मालकाने असा कोणताही दाखला घेतलेला नाही, हे तो स्वतःच सांगतो. धाकट्या मुलाला गच्चीवर मोबाइलचा मनोरा बसवून भाडे मिळवायचे आहे. शिवाय बांधावर वडिलांनी लावलेली निलगिरीची सात झाडे आहेत. सोलापूरकरांनी साखर कारखान्याची चिमणी पडताना पाहिली आहे. आयुष्यभराची पुंजी घालून बांधलेल्या घराचे उद्या तसेच होईल का, या विचाराने रात्री झोप लागत नाही. आमच्या जमिनीला आता काही किंमत उरली आहे की नाही?

उत्तर :

आपल्या पत्रात प्रश्न पाच असले तरी भीती एकच आहे, आणि ती चिमणीची आहे. म्हणून आधी तिच्याविषयी. सिद्धेश्वर सहकारी साखर कारखान्याच्या सहवीजनिर्मिती प्रकल्पाची ती चिमणी सुमारे ९० मीटर उंच होती. ती विमानांच्या मार्गात अडथळा ठरते की नाही, यावरून अनेक वर्षे वाद झाला, आंदोलने झाली, प्रकरण न्यायालयात गेले आणि अखेर १५ जून २०२३ रोजी ती स्फोटकांच्या साहाय्याने पाडण्यात आली. पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये नूतनीकरण झालेल्या विमानतळाचे उद्घाटन झाले आणि जून २०२५ मध्ये गोव्याची विमानसेवा सुरू झाली. आपले घर टाकी आणि जिन्याच्या खोलीसह पंधरा-सोळा मीटरांच्या पुढे जाणार नाही. नव्वद मीटरांच्या चिमणीला लागलेला निर्णय पंधरा मीटरांच्या घराला आपोआप लागू होत नाही. आपण योग्य वेळी योग्य कागद हाती घेतला, तर आपल्या घरावर तशी वेळ येण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र ‘घर लहान आहे, म्हणून दाखला नको’ हा निष्कर्षही तितकाच चुकीचा आहे. चिमणीच्या त्या सगळ्या प्रकरणातून घ्यायचे ते एवढेच की उंचीचा प्रश्न बांधकाम उभे राहण्यापूर्वी सोडवायचा असतो; नंतर तो सोडवताना कारखान्यासारख्या मोठ्या संस्थेचीही दमछाक होते, मग निवृत्त शिक्षकाची काय कथा.

आपण निवृत्त शिक्षक आहात, म्हणून नियमामागचे गणित सांगितलेले आपल्याला आवडेल असे मी गृहीत धरतो. दोन इंजिनांचे प्रवासी विमान उड्डाण करत असताना नेमके धावपट्टी सोडताना एक इंजिन बंद पडले, तरी चाके आत घेतल्यानंतर त्याला दर १०० मीटर अंतरामागे २.४ मीटर चढता आले पाहिजे, अशी विमानाच्या प्रमाणनाची किमान अट असते. शंभर मीटरमागे अडीच मीटरही नाही, म्हणजे अपंगासाठी बांधलेल्या उताराच्या निम्म्याहूनही कमी चढ झाला. त्यात सोलापूरचा उन्हाळा धरा. पारा चाळिशीच्या पुढे गेला की हवा विरळ होते, पंखांना मिळणारा उचल आणि इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात आणि तेच विमान सकाळच्यापेक्षा दुपारी अधिक धिमेपणाने वर चढते. वाटेत उंच काही उभे असेल, तर वैमानिकापुढे दोनच मार्ग उरतात : एक तर प्रवासी आणि सामान कमी करायचे, नाही तर त्या दिशेने उड्डाणच करायचे नाही. उतरतानाही तसेच आहे. मार्गात अडथळा असला की धावपट्टीचा सुरुवातीचा काही भाग वापरातून वगळून विमान पुढे टेकवावे लागते आणि मोठ्या खर्चाने बांधलेली धावपट्टी कागदोपत्री आखूड होते. मोठ्या शहराच्या लांबलचक धावपट्टीला हा तोटा एखादे वेळी सोसतो, पण आपल्यासारख्या छोट्या विमानतळाला दोनशे मीटर गमावणे म्हणजे मोठे विमान गमावणे होय. त्यामुळे हा नियम आपल्या जमिनीवर राग धरून केलेला नाही, हे मनात पक्के ठेवावे.

आता कायदा. आपल्याला लागू होणारे मुख्य नियम म्हणजे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्रालयाने ३० सप्टेंबर २०१५ रोजी अधिसूचित केलेले उंची निर्बंधाचे नियम, ज्यांत डिसेंबर २०२० मध्ये दुरुस्ती झाली. त्यांचा गाभा असा की, विमानतळाच्या संदर्भबिंदूपासून, म्हणजे जेथून अंतरे मोजतात त्या विमानतळावरच्या ठरलेल्या बिंदूपासून, २० किलोमीटरच्या परिघात उंचीबाबतच्या ना हरकत दाखल्याशिवाय बांधकाम करता येत नाही आणि झाडही लावता येत नाही. मात्र ज्या विमानतळासाठी रंगीत क्षेत्रनकाशा प्रसिद्ध झालेला आहे, तेथे त्या नकाशाने दिलेल्या मर्यादेतील बांधकामांना स्थानिक संस्था स्वतःच मंजुरी देऊ शकते. वीस किलोमीटर हे अंतर ऐकून अनेकांच्या पोटात गोळा येतो, कारण सोलापूरसारखे अख्खे शहर त्यात बसते. म्हणूनच हा नकाशा उपयोगाचा ठरतो. त्यात सारा परिसर चौकटींमध्ये विभागलेला असतो, प्रत्येक रंगाच्या चौकटीला एक कमाल उंची दिलेली असते, आणि आपली जागा तांबड्या रंगाखेरीज अन्य रंगात असून घराचे टोक त्या रंगाच्या उंचीखाली राहत असेल, तर प्राधिकरणाकडे जावे लागत नाही. तांबड्या रंगात मात्र उंची कितीही असो, अगदी एकमजली घर असो, दाखला लागतोच. आपली जागा धावपट्टीच्या टोकापासून सव्वा किलोमीटरवर असेल, तर ती तांबड्या रंगात निघण्याची शक्यता बरीच आहे. म्हणजे महापालिकेने आपल्याला दाखला आणण्यास सांगितले, ते अडवण्यासाठी सांगितले असे समजू नये. जागा दोन रंगांच्या सीमेवर येत असल्यास कमी उंचीची चौकट धरूनच आराखडा करावा.

वास्तुविशारदांनी सांगितलेला ४५ मीटरांचा आकडा खोटा नाही, पण तो अर्धवट सांगितलेला आहे, आणि या विषयात अर्धवट आकडा संपूर्ण अज्ञानापेक्षा महाग पडतो. धावपट्टीभोवती नियमांनी कल्पनेतले काही पृष्ठभाग आखलेले आहेत. त्यातला एक सपाट पृष्ठभाग विमानतळाच्या पातळीपासून ४५ मीटर उंचीवर, साधारण ४ किलोमीटरच्या त्रिज्येपर्यंत, एखाद्या मांडवाच्या कापडासारखा पसरलेला असतो. त्यापुढे तो कापड २० मीटरला १ मीटर या चढाने वर जात राहतो आणि आणखी पुढे विमानतळाच्या पातळीपासून १५० मीटरवर पुन्हा सपाट होतो. वास्तुविशारदांचा आकडा या मांडवाचा आहे. पण धावपट्टीच्या दोन्ही टोकांना या मांडवाच्या खालून दोन उतरणी जमिनीकडे येतात, ज्यांतून विमाने उतरतात आणि चढतात. आणि धावपट्टीच्या दोन्ही अंगांना ७ मीटरला १ मीटर या चढाच्या बाजू असतात. जेथे दोन पृष्ठभाग एकावर एक येतात, तेथे खालचा पृष्ठभाग लागू होतो. दुसरी गोष्ट अशी की, ४५ मीटर हे आपल्या अंगणातल्या जमिनीपासून मोजायचे नसतात, ते विमानतळाच्या पातळीपासून मोजायचे असतात. आपले अंगण विमानतळापेक्षा उंचावर असेल, तर तेवढे मीटर आपल्या हिश्श्यातून आधीच वजा होतात.

हे कागदावर करून पाहू. पुढील आकडे केवळ उदाहरणासाठी घेतलेले आहेत; आपल्या विमानतळाचे आणि जागेचे खरे आकडे मोजूनच घ्यावे लागतील. समजा, धावपट्टीचे टोक समुद्रसपाटीपासून ४८० मीटरवर आहे आणि आपली जमीन ४८६ मीटरवर. जोते ०.६ मीटर, तीन मजले प्रत्येकी ३ मीटर, म्हणजे गच्ची ९.६ मीटरवर आली. त्यावर जिन्याची खोली २.४ मीटर, तिच्यावर पाण्याची टाकी दीड मीटर आणि सर्वांत वर विजेपासून संरक्षण करणारी सळई २ मीटर. एकूण १५.५ मीटर झाले. म्हणजे आपल्या घराचे टोक समुद्रसपाटीपासून ५०१.५ मीटरवर पोचले. उपकरणांच्या मदतीने विमाने उतरतात अशा सर्वसाधारण धावपट्टीसाठी उतरणीचा चढ सुरुवातीच्या ३ किलोमीटरपर्यंत ५० मीटरला १ मीटर धरतात आणि उतरण धावपट्टीच्या टोकापुढे ६० मीटर अंतरावर सुरू होते. आपली जागा टोकापासून १,२६० मीटरवर, बरोबर उतरणीखाली असेल, तर उतरणीच्या आरंभापासून १,२०० मीटर झाले आणि तेथे तिची उंची ४८० अधिक २४, म्हणजे ५०४ मीटर भरते. आपले घर अडीच मीटरांनी खाली राहिले. हेच घर टोकापासून ८६० मीटरवर असते, तर उतरण ४९६ मीटरवर असती आणि घर साडेपाच मीटरांनी तिच्यात घुसले असते. याउलट तेवढ्याच सव्वा किलोमीटरवर, पण उतरणीच्या बाजूला, केवळ सपाट मांडवाखाली जागा असती, तर ४८० अधिक ४५, म्हणजे ५२५ मीटरपर्यंत मुभा मिळाली असती. तीच जमीन, तेच अंतर. पण एका ठिकाणी जमिनीपासून १८ मीटर मिळतात आणि दुसऱ्या ठिकाणी ३९ मीटर.

म्हणून ‘विमानतळापासून किती किलोमीटर’ या प्रश्नापेक्षा ‘धावपट्टीच्या रेषेत की रेषेच्या बाहेर’ हा प्रश्न आपण आधी विचारायला हवा. वरील उदाहरणातील अंतरावर ही उतरण धावपट्टीच्या मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना साधारण सव्वातीनशे मीटर रुंद झालेली असते आणि पुढे ती पसरतच जाते. तिची कड संपली की एकदम मोकळीक मिळते असेही नाही, कारण कडेपासून सातास एक या चढाची बाजू सुरू होते. आपली जागा या पट्ट्यात येते की नाही, हे नुसत्या डोळ्यांनी किंवा डोक्यावरून विमान जाते-येते यावरून ठरवू नये.

मोजणीबाबत मी आग्रहाने सांगतो, कारण येथेच सर्वाधिक चुका होतात. अर्जात जागेच्या कोपऱ्यांचे अक्षांश-रेखांश आणि जमिनीची समुद्रसपाटीपासूनची उंची द्यावी लागते, आणि दाखल्यावर स्पष्ट लिहिलेले असते की हे आकडे अर्जदाराने दिलेले असून त्यांच्या अचूकतेची जबाबदारी प्राधिकरण घेत नाही. म्हणजे आकडा चुकला तर दाखला हाती असूनही आपण उघड्यावर पडतो. मोबाइलवर दिसणारी उंची तर मुळीच लिहू नये. उपग्रहाच्या साहाय्याने मिळणारी मूळ उंची ही पृथ्वीच्या गणिती आकारापासून मोजलेली असते, समुद्राच्या सरासरी पातळीपासून नव्हे, आणि आपल्या भागात या दोहोंत ५० मीटरांहूनही अधिक फरक पडतो. काही उपकरणे ही दुरुस्ती स्वतः करतात, काही करत नाहीत, आणि पडद्यावर त्याचा मागमूसही नसतो. पात्र सर्वेक्षकाकडून, ज्ञात उंचीच्या खुणेशी जोडून केलेली मोजणी घ्यावी आणि अहवालावर त्या खुणेचा उल्लेख, तारीख व सही असल्याची खात्री करावी. शेतीच्या मोजणीचा नकाशा हद्द दाखवतो, उंची दाखवत नाही. तो या कामी उपयोगाचा नाही.

एक प्रसंग सांगतो. काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका छोट्या शहरात, धावपट्टीपासून दूर नसलेल्या एका घराच्या भोगवटा प्रमाणपत्रासाठी मालकाबरोबर मी एका कार्यालयात बसलो होतो. समोरच्या अभियंत्याने दाखला आणि पूर्णत्वाचा नकाशा शेजारी शेजारी ठेवले, दाखल्यावरच्या अनुज्ञेय टोकाच्या उंचीखाली पट्टीने रेघ मारली आणि नकाशावरील गच्चीच्या उंचीत एकेक वस्तू मिळवत गेले. जिन्याची खोली बसली. टाकी बसली. टाकीच्या वर लोखंडी घोडीवर सौर बंब चढवला होता, तो ८० सेंटिमीटरने वर निघाला. मालकाचे म्हणणे असे की बंब म्हणजे बांधकाम नव्हे. परंतु दाखल्यातच लिहिलेले होते की टाकी, जिन्याची खोली, अँटेना, सळई किंवा कोणतीही जोडवस्तू त्या उंचीच्या वर येता कामा नये. बंब उतरवून गच्चीच्या कोपऱ्यात बसवावा लागला, नळजोडणी नव्याने करावी लागली आणि प्रमाणपत्र तीन महिने लांबले. खर्च फार नव्हता. पण त्या तीन महिन्यांत मुलीचे लग्न त्या घरात करायचे राहिले, याची तिच्या आईला लागलेली चुटपूट मला अजून आठवते. म्हणून आराखडा करतानाच गच्चीवरची शेवटची वस्तू कोणती, हे ठरवावे आणि अर्जात तिच्या टोकाची उंची द्यावी. वर मीटर-दीड मीटर शिल्लक राहील असे पाहावे. बांधकामासाठी क्रेन लागणार असेल, तर तिची उंचीही या मर्यादेतच राहिली पाहिजे.

अर्ज ऑनलाइन करायचा असतो. भारतीय विमानतळ प्राधिकरणाची ‘नोकास’ नावाची प्रणाली त्यासाठी आहे, आणि सोलापूरचा विमानतळ प्राधिकरणाचाच असल्याने आपला मार्ग सरळ आहे. पुणे किंवा नाशिकजवळच्या ओझरसारखी संरक्षण खात्याशी संबंधित धावपट्टी असती, तर दाखला संरक्षण खात्याकडून घ्यावा लागला असता. तो आपला विषय नाही. अर्ज भरल्यावर मिळणारा क्रमांक जपून ठेवावा, कारण महापालिकेतही त्याच क्रमांकाने विचारणा होते. इमारतीसाठीचा दाखला दिल्या तारखेपासून ८ वर्षे चालतो. त्या मुदतीत काम सुरू झालेले असेल आणि विलंब आपल्या हाताबाहेरच्या कारणाने झाला असेल, तर मुदतीच्या आत अर्ज करून एकदा मुदतवाढ मिळू शकते. मुदत उलटून गेल्यावर मात्र नव्याने सुरुवात. मागितलेल्यापेक्षा कमी उंची मिळाली, तर नियमांनुसार मंत्रालयाच्या अपील समितीकडे दाद मागता येते. पण आपल्या घरासाठी तेथवर जाण्यापेक्षा मजल्याची उंची थोडी कमी करणे, टाकी जिन्याच्या खोलीवरून काढून गच्चीवर घेणे किंवा जोते आटोपशीर ठेवणे हेच शहाणपणाचे ठरेल. मीटरभराचा प्रश्न बहुतेक वेळा नकाशाच्या टेबलावरच सुटतो. दाखला हाती येण्यापूर्वी पाया खणू नये, मग कंत्राटदार कितीही घाई करो.

शेजाऱ्याच्या इमारतीचा आधार आपण मुळीच घेऊ नये. तिला दाखला नाही, म्हणजे तिला दाखला लागत नव्हता असे सिद्ध होत नाही. कदाचित तिची उंची कोणी अजून मोजलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ असू शकतो. आधीच्या कायमस्वरूपी अडथळ्याच्या आडोशाला नवे बांधकाम येत असेल, तर त्याचा विचार करण्याची तांत्रिक पद्धत आहे खरी, पण तो विचार प्राधिकरण करते, आपण गृहीत धरायचा नसतो. आणि ज्या इमारतीलाच परवानगी नाही, तिच्या आडोशाला उभे राहणे म्हणजे पडक्या भिंतीला पाठ टेकणे आहे. जुलै २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मुंबई विमानतळाजवळच्या ४८ इमारतींचे मर्यादेबाहेर गेलेले भाग पाडण्यास जिल्हाधिकाऱ्यांना सांगितले होते. त्या इमारतींत लोक वर्षानुवर्षे राहत होते. अडथळे हटवण्याची कार्यपद्धती १९९४ च्या स्वतंत्र नियमांत दिलेली आहे : मालकाला नोटीस, म्हणणे मांडण्याची संधी, नागरी विमान वाहतूक महासंचालकांचा आदेश, आणि मालकाने तो पाळला नाही तर जिल्हाधिकाऱ्यांमार्फत कारवाई. १९३४ च्या विमान कायद्याची जागा १ जानेवारी २०२५ पासून भारतीय वायुयान अधिनियम, २०२४ याने घेतली आहे, पण धावपट्टीभोवतीची बांधकामे व झाडे यांवर निर्बंध घालण्याचा केंद्राचा अधिकार नव्या कायद्यातही कायम आहे. शेजाऱ्याविरुद्ध तक्रार करावी का, असे आपण थेट विचारलेले नाही, तरी पत्राच्या ओळींमधून ते दिसते. माझे मत असे की, आधी आपला दाखला घ्यावा, मग तो शेजाऱ्याला दाखवून त्यानेही आपल्या इमारतीची उंची मोजून घ्यावी असे समोरासमोर सुचवावे. पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार आहे. नोटीस येण्यापूर्वी कळले, तर त्यालाही टाकी किंवा मनोरा उतरवून निभावता येईल.

मनोऱ्याबाबत मुलाला स्पष्ट नाही म्हणावे, निदान दाखल्यावरचा आकडा येईपर्यंत तरी. वरच्या उदाहरणात घराला अडीच मीटरांची मोकळीक होती. तेथे १२ मीटरांचा मनोरा चढवला की सगळे घरच अडथळ्यांच्या यादीत जाते. घराचा दाखला मनोऱ्याला चालत नाही, त्याचा वेगळा अर्ज करावा लागतो आणि दूरसंचार खात्याची जागेबाबतची मंजुरीही वेगळी असते. भाड्याच्या करारात ‘सर्व परवानग्यांची जबाबदारी कंपनीची’ असे वाक्य घालून अनेक जण निश्चिंत होतात. पण उंचीची नोटीस निघते ती जागेच्या मालकाच्या नावे, आणि कंपनी मनोरा उतरवून निघून गेली तरी महापालिकेतला शेरा आपल्या घराला चिकटून राहतो.

घराखेरीज आणखी दोन-तीन बंधने दाखल्याबरोबर येतात, ती ओझरती सांगतो. विमानांच्या दिव्यांशी गोंधळ होईल असे तीव्र किंवा रंगीत दिवे लावता येत नाहीत. आठ किलोमीटरच्या आत धुराचा त्रास होणार नाही असेच इंधन वापरावे लागते. विमानांच्या आवाजाबद्दल किंवा कंपनांबद्दल नंतर भरपाई मागता येत नाही, म्हणून खिडक्यांच्या काचांवर आताच चार पैसे अधिक खर्च केलेले बरे. आणि १९३७ च्या विमान नियमांतील ९१ व्या नियमानुसार विमानतळाच्या १० किलोमीटरच्या परिसरात पक्षी गोळा होतील असा कचरा, खरकटे किंवा मांस उघड्यावर टाकण्यास बंदी आहे. घारींचा थवा हा विमानाच्या दृष्टीने हलता अडथळाच असतो. ही शिस्त आपण एकट्याने पाळून भागणार नाही, वस्तीत ती बोलून दाखवावी लागेल.

जमिनीच्या किमतीबद्दल बोलायचे तर नियम आपली मालकी घेत नाही आणि जमिनीचा वापरही बदलत नाही. तो फक्त वरच्या टोकाला मर्यादा घालतो. दहा मजल्यांचे स्वप्न पाहणाऱ्या विकसकाला ही जागा कमी मोलाची वाटेल, हे खरे आहे. दोन मुलांसाठी तीन मजल्यांचे घर बांधणाऱ्या बापासाठी तिचे मोल जवळजवळ तेवढेच आहे. कधी विकायची वेळ आली, तर दाखला हातात असलेली जागा ‘विमानतळाजवळ आहे, काय होईल सांगता येत नाही’ अशा जागेपेक्षा निश्चितच चांगली विकली जाईल. आपण स्वतः आणखी जागा घेणार असाल, तर इसार देण्यापूर्वी रंगीत नकाशावर तिची चौकट पाहावी. सातबारा पाहतो तितक्याच काळजीने.

राहिली निलगिरी. ही झाडे वडिलांनी लावलेली आहेत, हे आपण पत्रात मुद्दाम लिहिले आहे, त्यामागची भावना माझ्यापर्यंत पोचली. पण नियमांना इमारत आणि झाड यांत फरक दिसत नाही, आणि निलगिरी तर मोकळ्या जागेत तीस मीटरांच्याही वर सहज जाते. वरच्या उदाहरणातील १८ मीटरांची मर्यादा तिने केव्हाच ओलांडली असती. घर दरवर्षी वाढत नाही, झाड वाढते. म्हणून घराच्या आधी आपल्याला अडचणीत आणील ते झाड. सर्वेक्षक घराच्या मोजणीसाठी येईल, त्याच दिवशी सातही झाडांच्या शेंड्यांची उंची मोजून घ्यावी. ती मर्यादेत असतील, तर दर दोन वर्षांनी शेंडे उतरवून ठेवता येतील. मर्यादेबाहेर असतील, तर नोटिशीची वाट न पाहता ती काढावीत; मात्र जागा महापालिका हद्दीत असल्यास वृक्ष प्राधिकरणाची परवानगी घेतल्याशिवाय कुऱ्हाड लावू नये, नाही तर एका नियमातून सुटून दुसऱ्यात अडकाल. सक्षम अधिकाऱ्याच्या निर्देशामुळे झाड किंवा बांधकाम हटवावे लागून नुकसान झाले, तर भरपाईची तरतूद कायद्यात आहे, आणि ती ठरवताना ते केव्हापासून उभे आहे याचा प्रश्न येऊ शकतो. त्यामुळे झाडे किती जुनी आहेत हे दाखवणारा पीकपाहणीचा जुना उतारा किंवा वडिलांच्या काळातले छायाचित्र असेल, तर ते फाईलला लावून ठेवावे. त्या बांधावर पुन्हा काही लावायचे झाल्यास लिंबू लावा, कढीलिंब लावा. सोलापूरच्या मातीला दोन्ही मानवतात, आणि त्यांच्या वाढीकडे दर पावसाळ्यात मान वर करून पाहण्याची वेळ आपल्यावर किंवा आपल्या मुलांवर येणार नाही.